पान सत्तावीसवरचा उपास

शनिवार, ८ ऑगस्ट

दादा,

पान सत्तावीसवर एक चूक आहे आणि ती माझी आहे.

तुझ्या पुस्तिकेच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं काल माझ्या टेबलावर आली. छापखान्यात आपल्या चर्चच्या मंडळीचा काही मजकूर आला की मालक तो तपासायला माझ्याकडेच सरकवतात, आणि हा तर घरचाच. 'देवाच्या हिशोबाने घर' या शीर्षकाखाली आता तुझा फोटोही आहे, कोट घातलेला. सत्ताविसाव्या पानावर 'माझ्या आईचा उपास' सुरू होतो. तो मी सोळा वर्षांची असताना तू सांगितलंस म्हणून लिहिला होता. त्यात मी म्हटलं आहे की बाबा गेले त्या वर्षी आई रात्रीचं जेवण सोडून उपास करायची, त्या जेवणाचे पैसे निळ्या डब्यात टाकायची, आणि त्या डब्यातून प्रभूने तुझी परीक्षेची फी भरली.

दुरुस्ती अशी: आई उपास करत नव्हती. तिची दाढ दुखत होती आणि तिला चावता येत नव्हतं.

मी तेव्हा पाच वर्षांची होते. तेव्हा जे दिसलं तेच पुढे लिहिलं, आणि परवापर्यंत खरं मानलं. परवा मी आईला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. तिचा डावा गाल सुजला आहे आणि ती आठवडाभर दुधात पाव भिजवून खाते आहे. नुसतं दाखवण्याची फी तुझ्या पुस्तिकेतल्या खर्चाच्या मर्यादेत बसत होती म्हणून ती आली, नाहीतर तेही नाही. डॉक्टरबाईंनी तोंडात दिवा धरला आणि विचारलं, "काकू, हे दात सांभाळलेत की साठवलेत?" आई हसली आणि लगेच गाल धरून बसली. "या बाजूने चावणं कधी बंद केलंत?" तर आई म्हणाली, "ही पाच वर्षांची होती. रात्री फार ठणकायचं, म्हणून रात्रीचं जेवणच सोडलं होतं तेव्हा." इतकं सहज म्हणाली, जणू दुकानात पिशवी विसरली होती. मी तिची पर्स मांडीवर घेऊन शेजारी बसले होते. 

खालच्या तीन दाढा काढायच्या आहेत. एकीच्या मुळाशी पू झाला आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, आधी पाच दिवस गोळ्या, सूज उतरली की लगेच काढू, थांबू नका. आईने शहाण्या मुलीसारखी मान हलवली, घरी आली, चपला काढल्या, कागदाच्या तुकड्यावर 'दात, खालचे' असं लिहिलं आणि ती चिठ्ठी बायबलमध्ये ठेवून दिली.

म्हणजे तुझा चौथा नियम. मर्यादेबाहेरचा कुठलाही खर्च आधी चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी बायबलमध्ये ठेवून चाळीस दिवस प्रार्थना करायची, आणि एवढं होऊनही इच्छा उरली तर मग पैसे काढायचे. चाळीस दिवस पंधरा सप्टेंबरला पुरे होतात.

पैशाचा प्रश्न नाही. माझ्या पगारातून देवाचा दशांश बाजूला ठेवल्यावरही हे बसतं. प्रश्न एवढाच आहे की आई तुझ्या नियमाबाहेर पाऊल टाकणार नाही. त्यात या महिन्याच्या तीस तारखेला तुझा घरखर्चाचा वर्ग आपल्याच मंडळीत आहे आणि तू तिला व्यासपीठावर बसवून साक्ष द्यायला सांगणार आहेस. हेही तिच्या डोक्यात आहे.

तेव्हा दोन गोष्टी कर. दुरुस्ती मान्य असल्याची सही करून पाठव, कारण पुस्तिका तुझी आहे आणि तुझ्या सहीशिवाय मी तिच्यातला स्वल्पविरामही हलवत नाही. आणि आईला एक ओळ लिही: आई, जा.

फोन केला असता. पण पैशाची गोष्ट तोंडी बोलायची नाही, लिहून कळवायची, म्हणजे रागात बोललं जात नाही, हाही तुझाच नियम. दुसरा.

वहिनीला सलाम.

तराजू


गुरुवार, १३ ऑगस्ट

दादा,

दोन पानी पत्र मिळालं. त्यातली दीड पानं वर्गात वाचून दाखवण्याजोगी आहेत. ती तू वर्गासाठीच लिहिली असावीस असं मला वाटलं. मग वाटलं, भावाबद्दल असा संशय घेणं बरं नाही. मग परत वाचलं आणि तेच वाटलं.

तू म्हणतोस, नियम सगळ्यांना सारखा, आणि आईलाच सूट दिली तर बाकीच्यांनी तो का पाळावा. तू म्हणतोस, इतकी वर्षं काढली तिथे अजून काही आठवडे. तू म्हणतोस, पान सत्तावीसची 'बारीकसारीक गोष्ट' तशीच राहू दे, दुबळ्या विश्वासाच्या माणसांना उगाच ठेच लागेल. आणि तू म्हणतोस की मी चिडून लिहिते आहे.

हो, चिडून लिहिते आहे. लिहिलं की राग येत नाही हे तुझं म्हणणं होतं, माझं नव्हतं.

चौथा नियम कशासाठी आहे ते मला तुझ्याइतकंच माहीत आहे. मंडळीतल्या शिंप्याला मोटरसायकल हवी होती. त्याने चिठ्ठी ठेवली, आणि पाचव्या आठवड्यात त्याच्या लक्षात आलं की त्याला मोटरसायकल नको होती, त्याला मेहुण्याची जिरवायची होती. ही गोष्ट तू छान सांगतोस. मीही दोनदा हसले आहे. पण दाढ ही इच्छा नाही. ती प्रार्थनेने ओसरत नाही, कारण ती लोभाने उठलेली नाही. तुझ्या नियमाला मोटरसायकल आणि पू यांच्यातला फरक कळत नाही, आणि तो फरक दाखवून देण्याऐवजी तू नियमाच्या बाजूने साक्ष देतोस.

प्रभूने कंबरेत वाकलेल्या बाईला शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवशी बरं केलं. सभास्थानाचा अधिकारी तेव्हा हेच म्हणाला होता, की बाकीचे सहा दिवस आहेत, त्या दिवशी या. तो अधिकारी वाईट माणूस असेल असं मला कधी वाटलं नाही. तो नियम नीट पाळणारा माणूस होता. बैलाला पाण्यावर न्यायला तुम्ही त्या दिवशीही सोडता, मग हिला का नको, हे त्याला मिळालेलं उत्तर तू मला आपल्या जेवणाच्या टेबलावर शिकवलंस.

मी दहा वर्षांची होईपर्यंत माझी शाळा म्हणजे ते टेबलच होतं. वाचायला आईने शिकवलं, हिशोब तू, आणि मला घरात तराजू म्हणायला लागले तेही तिथेच. दहा बटणं मांडायचास आणि म्हणायचास, आधी कुठलं बटण उचलायचं? मी सगळ्यात छान बटण उचलायचे, मोत्यासारखं, ते देवाचं. मग उरलेल्या नऊंत घर चालवून दाखव म्हणायचास. मी एक बटण भाड्यावर ठेवायचे, एक दुधावर, आणि एक कायम तुझ्या बुटांवर, कारण तुझ्या बुटात पुठ्ठा होता. तू ते बटण हळूच उचलून फीवर सरकवायचास. तू चौदा वर्षांचा होतास आणि घर चालवत होतास. हे मी विसरलेले नाही. म्हणूनच एवढं लिहिते आहे. दुसऱ्या कुणाला लिहिलं असतं तर चार ओळींत भागलं असतं.

छापखान्यातले मशीनवाले काका काल म्हणाले, "तुझा भाऊ जगाला कर्ज काढू नका म्हणून सांगतो आणि पुस्तिका उधारीवर छापतो काय?" मी त्यांना सांगितलं की अर्धे पैसे आगाऊ आले आहेत आणि बाकीचे प्रती उचलताना द्यायचं ठरलं आहे, याला उधारी म्हणत नाहीत. काका म्हणाले, "बरं बाई, चुकलो." तुझी बाजू मी अशी घेते. पाठीमागे.

गोळ्या संपल्या. त्या मर्यादेत बसत होत्या. सूज उतरली आहे आणि डॉक्टरबाई म्हणतात, हीच वेळ आहे. आई म्हणते, "बघ, उतरली ना? प्रार्थना ऐकली." मी म्हटलं, गोळ्यांचं पाकीट रिकामं आहे ते बघ. ती म्हणाली, "तेही त्यानेच दिलं."

तिच्याशी कोण वाद घालणार. एक ओळ लिही, दादा. दोनच शब्द आहेत.

तराजू


मंगळवार, १८ ऑगस्ट

दादा,

तुझं उत्तर नाही. वहिनीचा फोन आला होता. तू दौऱ्यावर आहेस आणि तीस तारखेला आईने फिकट निळी साडी नेसावी, फोटोत बरी दिसते, असा निरोप होता. पैशाची गोष्ट नसल्यामुळे तो तोंडी देता आला असावा.

सूज परत आली आहे. परवापासून अंगात ताप आहे. डॉक्टरबाईंनी दुसऱ्या गोळ्या दिल्या आणि मला बाहेर बोलावून म्हणाल्या, "तुमच्या आईला कशाची भीती वाटते? सुईची?" मी म्हटलं, नाही. "मग खर्चाची?" नाही. "मग?" मला तुझा चौथा नियम परक्या बाईला समजावून सांगता आला नाही. मी म्हटलं, घरी विचारून सांगते. त्या म्हणाल्या, "घरी कोणाला विचारायचं असतं? दात कोणाचे आहेत?"

काल संध्याकाळी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. मी समोर बसले आणि सरळ विचारलं की तेव्हा, निळ्या डब्याच्या वर्षी, तू उपास करत होतीस का? ती जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते, कारण यात माझा शब्द घालायचा नाही.

"कसला उपास गं. दाढ ठणकायची. जेवायला बसले आणि पहिल्या घासालाच उठले. हा समोर होता. बाबा गेल्यापासून ताटावर नुसता बसायचा, चिवडायचा आणि उठायचा. त्या दिवशी माझ्याकडे बघितलं, माझ्या ताटाकडे बघितलं, आणि प्रार्थनेत म्हणाला, प्रभू, आईने आज आपल्यासाठी उपास धरला आहे. असं तोंड केलं होतं त्याने, तू बघितलं असतंस तर. आणि मग जेवला. पोटभर जेवला, किती तरी दिवसांनी. आता त्याला काय सांगायचं, की नाही रे, दाढ आहे?"

"दुसऱ्या दिवशी सांगायचं," मी म्हटलं.

"दुसऱ्या दिवशी त्याने डबा रंगवून आणला होता."

मग उशीच्या अभ्र्याची घडी तिने दोनदा मोडून घातली आणि म्हणाली, "त्याला सांगू नकोस. त्याने त्यावर सगळं उभं केलंय. त्याला कळलं तर तो कशावर उभा राहील?"

मी म्हटलं, मी आठ तारखेलाच त्याला लिहिलं आहे. ती रागावली नाही. म्हणाली, "तू तराजू. तुझ्या पोटात काही राहतं होय." आणि थोड्या वेळाने, "मग काय म्हणाला?" मी म्हटलं, बारीकसारीक गोष्ट आहे म्हणाला. तिला हायसं वाटलं. दादा, तिला हायसं वाटलं. तिला वाटलं, तुझा माझ्यावर विश्वास बसला नाही.

म्हणजे आता मला कळलं आहे की ती कशासाठी थांबली आहे. नियमासाठी नाही. तीस तारखेला सगळ्या मंडळीसमोर तू उभा असशील आणि तुझ्याच आईने तुझा नियम मोडलेला असेल, हे तिला नको आहे. तेव्हा तिने तुला जेवू दिलं, आता उभं राहू देते आहे. तापात.

तुझ्या वर्गातल्या लोकांनी निळे डबे केले आहेत, माहीत आहे ना? शिंप्याची बायको रात्रीचं जेवण सोडून त्यात पैसे टाकते. मागच्या रविवारी मला अभिमानाने सांगत होती. दिवसभर मशीन चालवते आणि रात्री उपाशी झोपते, कारण पान सत्तावीसवर मी लिहिलं आहे की माझी आई तसं करायची. मी तिथेच तिला सांगायला हवं होतं. तू सही करशील म्हणून थांबले. आता वाटतं, मीही चिठ्ठीच ठेवून बसले होते.

तराजू


शनिवार, २२ ऑगस्ट

दादा,

आज तुझं पत्र आलं. या वेळी एकच पान, आणि बायबलचं वचन एकही नाही. तुझं आजवरचं सगळ्यात खरं पत्र असावं. तुझीच वाक्यं तुला उतरवून पाठवते, म्हणजे नंतर मी उलटसुलट सांगितलं असं व्हायला नको.

'आईची दाढ दुखते हे मला तेव्हाच माहीत होतं. पहिल्या दिवशी नाही, पण त्याच आठवड्यात कळलं. मीच तिला दुकानातून लवंग आणून द्यायचो. पण ती जेवत नव्हती आणि पैसे उरत होते, हे तर खरं होतं ना? मग त्याला उपास म्हटलं तर कोणाचं बिघडलं? देवाने दुखण्याचाही उपयोग करून घेतला. आईला हे कळायची गरज नाही.'

हे मी छापखान्यात, प्रुफांच्या टेबलावर वाचलं. समोरच तुझा कोटातला फोटो होता.

उपास म्हणजे न जेवणं नव्हे, दादा. हे तूच मला शिकवलं आहेस. समोर अन्न आहे, भूक आहे, जेवता येतं आहे, आणि तरीही देवासाठी हात मागे घेतला, तो उपास. ज्याला चावता येत नाही तो उपाशी असतो. तो कोणाला काही देत नसतो. त्याच्याकडून ते जात असतं.

आणि ते कुठे गेलं हे तुला माहीत होतं. त्या डब्यातल्या पैशांत त्या वर्षी एक दाढ निघाली असती. एकच होती तेव्हा किडलेली. तू फी भरलीस. मी पाच वर्षांची होते, मला बटणंच कळत होती. तुला कळत होतं. चौदा वर्षांच्या मुलाने ते केलं याबद्दल मी तुला काही बोलणार नाही. घाबरलेला मुलगा होतास, बाप गेलेला, बुटात पुठ्ठा. पण नंतर तू वीस वर्षांचा झालास. पंचवीसचा झालास. नोकरी लागली, लग्न झालं, कोट शिवलास. मी सोळा वर्षांची असताना मला समोर बसवून 'आईच्या उपासावर लिही, लोकांना आवडेल' असं म्हणालास, आणि मी लिहिताना तू वाचत होतास, आणि 'तेज' हा शब्द तू घातलास. 'उपासाने आईच्या चेहऱ्यावर तेज आलं होतं.' ती सूज असेल, दादा.

यातल्या एका वर्षी तरी तू तिला डॉक्टरकडे नेऊ शकला असतास. गुपचूप. गोष्ट तशीच ठेवूनही. तेवढंसुद्धा केलं नाहीस. याचं उत्तर मला सापडत नाही, आणि मी चांगलं उत्तर शोधते आहे, विश्वास ठेव.

आता माझी अडचण ऐक. आईला चष्मा लावूनही तुझं अक्षर लागत नाही, म्हणून तुझं प्रत्येक पत्र मी तिला वाचून दाखवते. आधीचं दोन पानी पत्र मी 'प्रुफांबद्दल आहे' म्हणून बाजूला ठेवलं. ते अर्धं खोटं होतं आणि त्याने माझी झोप गेली आहे. आज तिने पाकीट बघितलं. "दादाचं ना? वाच." मी म्हटलं, उद्या मंडळीहून आल्यावर.

तू लिहिलं आहेस की आईला हे कळायची गरज नाही. मी दुपारभर विचार केला की हे तुझ्या बाजूने लिहिलंस की तिच्या. तिच्या बाजूचं काही मला सापडलं नाही. ती तुझ्यापासून एक गोष्ट लपवते आहे म्हणून तापात बसली आहे, आणि ती गोष्ट तुझ्या खिशात आहे.

उद्या वाचणार आहे. सगळं. कुठलंही वाक्य गाळणार नाही आणि कुठल्याही वाक्यावर जोर देणार नाही. तेवढं मी तुझ्यासाठी करीन.

तराजू


बुधवार, २६ ऑगस्ट

दादा,

वाचलं.

रविवारी दुपारी, स्वयंपाकघरात, त्याच टेबलावर. आई दुधात पाव कुस्करत होती. लवंगेच्या वाक्यापाशी तिचा चमचा थांबला. "परत वाच," म्हणाली. मी परत वाचलं, तशाच आवाजात.

"त्याला माहीत होतं?"

पत्रात होतं तेवढंच मला माहीत होतं.

"मला वाटायचं, उपासाने तोंडाला वास येतो म्हणून लवंग आणतोय," आई म्हणाली. "मी ती त्याच्यासमोर दाढेखाली धरायची नाही. नुसती जिभेवर ठेवायची. तो बाहेर गेला की मग दाबायची."

तू आणलेली लवंग, दादा. तुझ्यापासून लपवून.

ती रडली नाही. तू समजतोस तसं काहीच झालं नाही. तिने पाव संपवला, वाटी धुतली, पालथी घातली, हात पुसले. मग म्हणाली, "डॉक्टरबाई शनिवारी असतात का?"

मी म्हटलं, असतात.

"सकाळची वेळ घे. दुपारी ऊन लागतं."

मी म्हटलं, आई, शनिवारी काढले तर रविवारी तुला बोलता येणार नाही. दादाचा वर्ग आहे. ती म्हणाली, "माहितीये मला वार. डोकं नाही सुजलं." मग बायबल उघडून तिने चिठ्ठी काढली आणि माझ्या हातात दिली. ती सोबत पाठवली आहे. "त्याच्याकडे ठेव म्हणावं, त्याच्या बायबलमध्ये. माझ्याकडे राहायची गरज नाही." मी विचारलं, अजून काही लिहू का? मला वाटलं, नाही म्हणेल. मग म्हणाली, "लिही, मी रागावले नाही. पण आता मला जेवायचंय."

तिचा निरोप तिच्या शब्दांत दिला. माझा वेगळा आहे. मी रागावले आहे, आणि हा राग बायबल सांगतं तसा सूर्यास्तापूर्वी गेला नाही. रविवारचा गेला नाही, सोमवारचा नाही, कालचाही नाही. याबद्दल मी रोज प्रार्थना करते. तुझ्याबद्दल अजून करता येत नाही. एवढंच करते की तुझं वाईट मागत नाही.

पुस्तिकेचं सांगते. तुझ्या मजकुराला मी हात लावलेला नाही. तू सही केली नाहीस, त्यामुळे तुझी वाक्यं तुझी. पण सत्तावीस ते तीस ही पानं माझी होती आणि ती मी परत घेतली आहेत. मालकांनी विचारलं, मग तिथे काय घालायचं, छपाई आज आहे. मशीनवाले काका म्हणाले, "कोरी सोडा. हिशोबाचं पुस्तक आहे, लोक हिशोब लिहितील." तशीच छापली आहेत. चार पानं कोरी. पैसे दिलेस की प्रती उचल.

शिंप्याच्या बायकोला मी सोमवारी भेटून आले. तुझ्याबद्दल काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की माझ्या लिहिण्यात चूक झाली होती, माझी आई उपास करत नव्हती, आजारी होती, तुम्ही रात्री जेवत जा. ती मग म्हणाली, "खरंच जेवू?" जणू मी परवानगी द्यायला आले होते. ती म्हणाली, तिला वाटायचं की तिच्याच विश्वासात खोट आहे, म्हणून तिला रात्री एवढी भूक लागते.

हे तुला कळवायलाच हवं असं वाटलं.

रविवारी आई येणार आहे. मी म्हटलं, नको, पडून राहा. ती म्हणाली, "पोराचा वर्ग आहे, घरी कशी बसू? पहिल्या रांगेत बसेन. वर नाही चढायची." निळी साडी इस्त्री करून ठेवली आहे. तोंडात कापूस असेल, गाल सुजलेला असेल, आणि ती तुझ्याकडे बघत असेल. निळ्या डब्याची गोष्ट सांगायची की नाही, ते तू ठरव. ती तुला अडवणार नाही. तिने कधीच अडवलं नाही. मी तिच्या शेजारी बसेन आणि मीही अडवणार नाही, मला भर सभेत बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. पण बाहेर दारापाशी कोणी विचारलं की तुमच्या आईच्या गालाला काय झालं, तर मी सांगेन. विचारेल त्याला सांगेन, आणि मला सगळं नीट, क्रमाने सांगता येतं. तूच शिकवलं आहेस.

खर्च माझ्या पगारातून आहे. दशांश आधी काढला आहे, काळजी नको. उरलेल्या नऊतलं एक बटण आईच्या दातांवर ठेवलं आहे आणि ते आता कोणी सरकवायचं नाही.

छापखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आहे. आई म्हणते, सकाळी काही खाऊन निघू, डॉक्टरबाईंनी उपाशीपोटी येऊ नका म्हणून सांगितलं आहे. हे सांगताना तिला हसू आलं आणि तिने गाल धरला.

शनिवार, एकोणतीस ऑगस्ट, सकाळी साडेनऊ.

तराजू